चाळीस मिनिटांचं काम

"अवो, ते ताटं काहून काढून राहिले?" रुखमानं खालून विचारलं.

गोपीचंद स्टुलावर चढला होता. बासष्टाव्या वर्षी आणि एका डोळ्यात मोतीबिंदू घेऊन माणसानं स्टुलावर चढू नये असं रुखमाचं मत होतं, आणि ते तिनं सकाळपासून दोनदा सांगून झालं होतं. त्यानं वरच्या फळीवरचं जुन्या धोतराचं गाठोडं अलगद खाली दिलं. आत सहा काशाची ताटं होती.

"आज याच्यातच वाढजो," तो म्हणाला.

रुखमा गाठोडं धरून उभीच राहिली. अडतीस वर्षांच्या संसारात ही ताटं तिनं फक्त पुसताना पाहिली होती. गोपीचंद हवाई दलात भरती झाला त्या वर्षी त्याच्या आईनं, बेबीबाईंनी, ती भंडाऱ्याच्या बाजारातून बसनं मांडीवर घेऊन आणली. चांगल्या कामाला लागतील म्हणून ठेवली. मग चांगली कामं आली आणि गेली. गोपीचंदचं लग्न झालं, मुलीचं, डिंपलचं, बारसं झालं, पण प्रत्येक वेळी बेबीबाईंना वाटायचं की याहून मोठं काहीतरी पुढं आहे. त्या घरात सगळंच पुढच्यासाठी असायचं. चिन्नोर तांदूळ पाहुण्यांसाठी आणि घरच्यांना जाडा भात, नवं लुगडं लग्नासाठी आणि अंगात विरलेलं. बेबीबाई गेल्या त्या दिवशी सकाळी त्या जर्मनच्या ताटलीत पेज प्याल्या होत्या. पुढं डिंपलच्या लग्नातही ताटं खाली आली नाहीत, कारण तोवर ती सवय गोपीचंदला लागली होती.

आज मात्र विंग कमांडर अनुप देशकर जेवायला येणार होते.

देशकरांचं नाव या घरात वर्षातून एकदा निघायचं. दर चौदा जूनला, सकाळी नऊच्या सुमाराला त्यांचा फोन यायचा. गोपीचंद नोकरी संपवून गावी आला तेव्हा आधी तो शेजारी वासुदेवराव गुरुजींच्या घरी यायचा आणि गोपीचंद पायात चप्पल न घालता धावायचा, नंतर मोबाइलवर यायला लागला. बोलणं दोन-तीन मिनिटांचं. कसे आहात, पाऊस कसा आहे, धानाची रोवणी कधी. आणि शेवटी ठरलेलं एक वाक्य: "गोपीचंद, जमिनीवरचा शेवटचा चेहरा मी तुमचा पाहिला होता, आणि मी परत आलो." गोपीचंद "जी सर" म्हणायचा आणि फोन ठेवल्यावर दुपारपर्यंत कोणाशी बोलायचा नाही. रुखमाला वाटायचं, उपकाराची आठवण माणसाला जड होते. तिचा निम्मा अंदाज बरोबर होता.

भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले त्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. रुखमाचं माहेर गोंदिया जिल्ह्यात गेलं, गोपीचंदचं गाव, नाकाडोंगरी, भंडाऱ्यातच राहिलं, आणि तिकडं उत्तरेला लढाई लागली. गोपीचंद तेव्हा एका विमानतळावर आर्मामेंट फिटर होता. म्हणजे विमानाच्या पंखाखाली बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं लावणारा माणूस. वैमानिकाचं नाव वर्तमानपत्रात येतं, फिटरच्या हाताला फक्त ग्रीस लागतं.

त्यांच्याकडं दोन प्रकारचा माल होता. एक, नेम धरणारा बॉम्ब. साध्याच बॉम्बला पुढं डोळा आणि मागं पंख बसवले की तो दाखवलेल्या जागी जाऊन पडायचा. तो स्वस्त होता आणि भरपूर होता, पण तो टाकायला विमानाला शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात जावं लागे. दुसरं, लांबून सुटणारं क्षेपणास्त्र. वैमानिक डोंगराच्या अलीकडूनच ते सोडून मागं फिरायचा, त्याला कोणी पाहायचंही नाही. अशा एकाच्या किमतीत वीस-बावीस बॉम्ब आले असते. त्यांच्या कोठारात ती चारच होती.

पहिल्या आठवड्यात तीन गेली. एक तर अशा बंकरवर गेलं की जो नंतर रिकामा निघाला. संध्याकाळी कोठाराला कुलूप लावताना गोपीचंद क्षेपणास्त्रांच्या रिकाम्या जागांकडं बघायचा आणि उरलेलं एक पुन्हा मोजायचा. ज्या घरात चिन्नोरचा डबा रिकामा होऊ देत नाहीत त्या घरातला तो मुलगा. वरचे साहेब हिशोब करतच होते, कोणत्या लक्ष्याला काय वापरायचं ते तिकडंच ठरायचं. गोपीचंदला कोणी विचारलेलं नव्हतं.

फक्त चौदा जूनच्या सकाळी विचारलं.

साडेदहाच्या सुमाराला दारापुढं गाडी थांबल्याचा आवाज आला. गोपीचंदचं घर नाकाडोंगरीच्या बाहेर, रस्त्याला लागून. घरापुढं त्याचं मोटर दुरुस्तीचं दुकान आणि पलीकडं शंभर-दीडशे पावलांवर तिरोडी लाइनचं रेल्वेफाटक. देशकर मुलीबरोबर जंगल पाहायला निघाले होते आणि वाट वाकडी करून आले होते. मुलगी, स्वाती, गाडी चालवत होती. देशकर उतरले ते आधी काठी बाहेर, मग उजवा पाय, मग दोन्ही हातांनी उचललेला डावा पाय. त्या चौदा जूनला तोफेच्या माऱ्यात विमान पडताना सुटकेच्या खुर्चीनं त्यांना बाहेर फेकलं होतं, जीव वाचला, पण कंबर आणि पाय गेले. पुन्हा विमान त्यांना कधी मिळालं नाही. पुढची नोकरी त्यांनी टेबलामागं काढली.

"या जी, या," रुखमा पदर सावरत म्हणाली. "लय वर्षांनी आले. म्हनजे पयल्यांदाच आले."

देशकर अमरावतीचे. मोकळे हसले आणि तिला म्हणाले की वहिनी, तुमच्या हातचं जेवायला सव्वीस वर्षं लागली. मग दुकानात आले आणि भिंतीपुढं थांबले. गोपीचंदनं भिंतीवर मोठी फळी ठोकली होती आणि प्रत्येक पान्याची, पकडीची आकृती तिच्यावर काळ्या रंगानं काढली होती. हत्यार जागेवर नसलं की काळी आकृती उघडी दिसायची. विमानतळावर हीच पद्धत असते, म्हणजे विमानाच्या पोटात पाना राहून जात नाही. फळीच्या कोपऱ्यात बोटाएवढ्या चार आकृत्या उघड्याच होत्या.

"इथलं काय हरवलं?" देशकरांनी विचारलं.

"हरवलं नाही सर," गोपीचंद म्हणाला.

तेवढ्यात वासुदेवराव गुरुजी आले. त्यांना पाहुण्यांचा वास लागतो. खुर्ची ओढून त्यांनी या उन्हाळ्यात टीव्हीवर पाहिलेलं युद्ध काढलं आणि देशकरांना थेट विचारलं की एवढी महागाची क्षेपणास्त्रं कायले उडवून राहिले, स्वस्तातले बॉम्ब होते नं. देशकरांनी शांतपणे समजावलं. स्वस्त मालानं काम होतं तिथं स्वस्त वापरावा, नाहीतर महाग माल चार दिवसांत संपतो आणि पाचव्या दिवशी हात रिकामे. पण स्वस्त मालाची उरलेली किंमत विमानात बसलेला माणूस भरतो. हा तराजू कोणालाच नीट धरता येत नाही, ते म्हणाले. गुरुजींनी मान डोलावली आणि चहा पिऊन गेले. गोपीचंद हातातला कपडा उगाच घडी करत बसला होता.

त्यानं रात्रीच ठरवलं होतं की आज सांगायचं. कधी, एवढंच ठरत नव्हतं. जेवणानंतर सांगितलं तर माणूस अन्नानं बांधला जातो, उठून जाऊ शकत नाही. म्हणजे आधीच सांगायला हवं.

रुखमानं पाट मांडले, देशकरांसाठी टेबल ओढलं, मग सगळ्यांसाठीच ओढलं. चिंचेनं घासलेली ताटं लखलखत होती. चिन्नोरचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी आणि वैनगंगेची मासोळी. भाताच्या वासानं स्वातीनं डोळेच मिटले. ताट किती सुंदर आहे, ती म्हणाली, आम्हाला भंडाऱ्यात अशी मिळतील का?

देशकरांनी भात कालवला आणि घास उचलला.

"सर," गोपीचंद म्हणाला, "घास घेऊ नका. आधी माहं ऐकून घ्या."

रुखमा चुलीपाशी वळली होती ती तिथंच थांबली. देशकरांनी घास ताटात ठेवला.

गोपीचंदनं सांगितलं. त्याला वाटलं होतं की खूप वेळ लागेल, पण ते फार थोडं होतं. त्या सकाळी शेवटच्या क्षेपणास्त्राची तपासणी चालू होती. तपासयंत्रावरचा एक दिवा लागेना. त्याच्या लक्षात आलं की जोडणीत धूळ गेली आहे, साफ करून पुन्हा तपासायला चाळीस मिनिटं पुरतात. एवढ्यात इंजिनिअरिंगचे साहेब आले. तासाभरात विमान निघायचं होतं. त्यांनी विचारलं, कितना टाइम?

"मी म्हनलो, दो घंटा लगेगा." गोपीचंद म्हणाला. "खोटं होतं, सर. मले वाटलं, दरीतलं दारूगोळ्याचं कोठार, त्याले बॉम्ब पुरते. हे एकच उरलं, याच्यापेक्षा मोठं काम समोर येईन. मोठ्या कामाले ठेवू."

मग बॉम्ब लावले गेले. दोन. प्रत्येकाला दोन अशा चार पिना, लाल फीत बांधलेल्या. पिन काढल्यावर बॉम्ब जिवंत होतो. म्हणून विमान निघताना फिटर समोर उभा राहून काढलेल्या पिना हात वर करून वैमानिकाला दाखवतो. वैमानिक मोजतो, अंगठा दाखवतो, तेव्हाच फिटरनं हात खाली घ्यायचा. त्या दिवशी गोपीचंदनं चार पिना वर धरल्या, देशकरांनी काचेतून मोजल्या आणि अंगठा दाखवला. जमिनीवरचा शेवटचा चेहरा तो हाच.

लाइनवरून इंजिनाची शिटी आली आणि विरली.

"मला सांगितलं होतं, क्षेपणास्त्र नादुरुस्त आहे," देशकर म्हणाले. "मी कागदही पाहिला होता नंतर. तुमची सही होती." ते ताटाकडं बघत होते. "मग ते पुढं कशावर वापरलं?"

या प्रश्नाला गोपीचंद सव्वीस वर्षं भीत होता.

"कशावरच नाही, सर."

मोठं काम आलंच नाही. लढाई संपली. क्षेपणास्त्र आपल्या पेटीत पडून राहिलं, दर सहा महिन्यांनी गोपीचंद त्याची तपासणी करायचा, आणि दर वेळी सगळे दिवे लागायचे. सात वर्षांनी त्याची मुदत संपली. मुदत संपलेला माल खड्ड्यात ठेवून उडवतात. त्या तुकडीतही गोपीचंद होता. मोठा आवाज झाला, माती वर गेली आणि खाली आली, मग सगळे चहाला गेले. तो नाही गेला.

स्वातीनं आपलं ताट हलकेच पुढं सरकवलं. ती उठली, रुखमाकडं बघून हात जोडले आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभी राहिली. ती त्या जूनमध्ये आठ महिन्यांची होती. बापाच्या खांद्यावर बसून जत्रा पाहणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. गोपीचंदला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती.

देशकर मात्र उठले नाहीत. त्यांनी ताटात ठेवलेला घास उचलून खाल्ला. मग दुसरा. सैन्यातला माणूस वाढलेलं टाकत नाही म्हणून खाल्लं, की आणखी कशासाठी, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. गोपीचंदला घास उचलवत नव्हता. अर्धं ताट झाल्यावर देशकर बोलले.

"त्या आठवड्यात आम्ही सगळे वैमानिक भांडत होतो. मला द्या, मला द्या. प्रत्येकाला आपलंच लक्ष्य मोठं वाटायचं. ते ठेवावं असं तुम्हाला वाटलं, यात चूक नव्हती. कोणीतरी ठेवायलाच हवं होतं." त्यांनी पाण्याचा पेला उचलला, पण प्याले नाहीत. "पण मला विचारलं असतंत, गोपीचंद. पिना दाखवता, मोजून घेता, आणि हे नाही दाखवलंत. कदाचित मीच म्हणालो असतो, राहू द्या, बॉम्बनं भागेल. जाणार तर मी होतो."

"जी, सर."

"आज कोणी तेच विचारलं, तर किती वेळ सांगाल?"

"चाळीस मिन्टं," गोपीचंद म्हणाला. आणि मग त्याला रडू आलं. मोठ्या माणसाला येतं तसं, आवाज न करता, नाकातून. रुखमानं पाठीवर हात ठेवला नाही. तिलाही हे आजच कळत होतं आणि तिला राग आला होता. दर चौदा जूनला आपण कौतुकानं गोडाचा शिरा करत होतो, हे तिला आठवत होतं.

देशकरांनी ताट स्वच्छ केलं. हात धुतले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, गोपीचंदनं मागितलंही नाही. ते एवढंच म्हणाले की जूनमधल्या फोनचं आज काही सांगता येणार नाही. गोपीचंद म्हणाला की नका करू, सर. मग त्यांनी काठी घेतली.

गाडीपर्यंत पोचवायला गोपीचंद गेला नाही. तो दुकानात गेला, खालचा खण उघडला आणि कपड्यात गुंडाळलेल्या चार पिना काढल्या. फिती विटून विटकरी झाल्या होत्या. त्या दिवशी विमान परत आलं नाही तेव्हा त्या जमा करायला हव्या होत्या. त्यानं हरवल्या असं लिहून दिलं होतं. ते त्याचं दुसरं खोटं होतं, आणि तेवढंच त्याला कधी बोचलं नव्हतं.

तो रस्त्यावर आला तेव्हा स्वातीनं गाडी चालू केली होती. तो गाडीच्या पुढं, जरा डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. विमानापुढं जिथं उभं राहतात तिथं. आणि हात वर करून चारही पिना, फिती लोंबू देऊन, समोर धरल्या. काचेआड देशकर वळून बसले होते. त्यांची नजर पिनांवर आली. ओठ किंचित हलले. मोजल्या असाव्यात. पण हात मांडीवरच राहिला.

स्वातीनं गाडी त्याच्या बाजूनं काढली.

गोपीचंद वळला आणि हात तसाच वर ठेवला. नियम तसाच होता. पुढं रेल्वेफाटक पडलं होतं. मँगनीजची मालगाडी आली, एकामागून एक काळे डबे, संपता संपेनात. देशकरांची गाडी फाटकापाशी थांबून राहिली. गोपीचंदच्या खांद्याला रग लागली, मग दंड थरथरायला लागला. पलीकडून वासुदेवराव गुरुजींनी ओट्यावरून विचारलं की काय करून राहिले जी. रुखमा दारात आली. तिच्या हातात पाहुण्यांची दोन ताटं होती, एक चाटून पुसून स्वच्छ, एक वाढलेलं तसंच.

"हात खाली घ्या आता," ती म्हणाली. राग होता, पण आवाज हळू होता.

"नाही घेता येत," तो म्हणाला.

शेवटचा डबा गेला. फाटक वर उचललं गेलं. दोन सायकली निघाल्या, मग गाडी हलली, आणि रूळ ओलांडताना तिच्या डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. थोडा वेळ बाहेर राहिला. अंगठा वर होता की नुसताच हात होता, हे मोतीबिंदूच्या डोळ्याला एवढ्या लांबून दिसलं नाही. त्यानं दुसरा डोळाही ताणून पाहिला. तोवर गाडी वळणापलीकडं गेली होती.

गोपीचंदनं हात खाली घेतला. दुकानात जाऊन फळीच्या कोपऱ्यातल्या चार रिकाम्या आकृत्यांवर चार पिना एकेक करून लावल्या. घरात आला तेव्हा रुखमा ताटं घासून धोतरात गुंडाळायला बसली होती.

"राहू दे," तो म्हणाला. "खालीच राहू दे. संध्याकाळी याच्यातच जेवू."

रुखमानं धोतराची घडी केली आणि ताटं रोजच्या भांड्यांशेजारी, हाताशी येतील अशी उभी लावून ठेवली.